एक यंत्र, अनेक बिऱ्हाडें

परदेशांत असलेला मुलगा रात्रीं घरच्यांशीं बोलत असतो. त्याच वेळीं गल्लींतील एखादा गृहस्थ बँकेंतील पैसे एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत पाठवीत असतो, आणि जवळच्या इस्पितळांतून रोग्याच्या छातीचें क्ष-किरण चित्र दूरच्या तज्ज्ञाकडे रवाना होत असतें. या तिघांचा एकमेकांशीं कांहीं संबंध नसतो. तथापि या तिन्ही गोष्टी शहरांतील एखाद्या इमारतींत ठेवलेल्या एकाच यंत्राच्या पोटांतून जात असणें अगदीं शक्य आहे. आणि तरीहि बँकेचा आंकडा इस्पितळाच्या कागदांत मिसळत नाहीं.

त्या यंत्राचें नांव राउटर. घरोघरीं कोपऱ्यांत दिवे लुकलुकवीत बसलेली लहानशी पेटी याच कुळांतली. पण येथें ज्याचा विचार करावयाचा आहे तो राउटर कपाटाएवढा असूं शकतो आणि त्यास शेंकडों तारा येऊन मिळालेल्या असतात. अशा एका राउटरचे दोन, चार किंवा त्याहूनहि अधिक स्वतंत्र राउटर करतां येतात, आणि त्यासाठीं यंत्राला हत्यार लावावें लागत नाहीं. ही वांटणी कां करावी लागली, ती कशी होते, आणि तींत काय वांटलें जातें व काय सामाईकच राहतें, हे तीन प्रश्न आहेत. त्यांतला शेवटचा सर्वांत महत्त्वाचा. कारण त्याचें उत्तर विसरलें गेलें म्हणजे एका दिवसांत लक्षावधि लोकांचे व्यवहार थांबतात.

राउटरचें काम वाटाड्याचें. इंटरनेटवरून जाणारा कोणताहि मजकूर, मग तो आवाज असो, चित्र असो वा पत्र असो, लहान लहान तुकड्यांत विभागलेला असतो. अशा तुकड्यास पॅकेट म्हणतात. तें कोठून निघालें व कोठें जावयाचें याचे आंकडे प्रत्येक पॅकेटवर लिहिलेले असतात. राउटर तो पत्ता वाचतो, आपल्याजवळच्या मार्गांच्या तक्त्याशीं ताडून पाहतो, आणि कोणत्या तारेनें तें पुढें धाडावें हें ठरवितो. एकाच पत्त्याला लागू पडणाऱ्या दोन नोंदी तक्त्यांत सांपडल्या, तर जी पत्त्याच्या अधिक आंकड्यांशीं जुळेल ती मानावयाची, असा नियम आहे. टपालाची छांटणी करणाऱ्या कारकुनापुढें 'पुणें' आणि 'पुणें, सदाशिव पेठ' अशा दोन थैल्या असतां सदाशिव पेठेचें पत्र तो दुसऱ्याच थैलींत टाकील, तसेंच हें.

या यंत्राच्या पोटांत दोन निराळे भाग असतात. पहिला विचार करणारा. तो शेजारच्या राउटरांशीं सतत बोलत असतो, कोणता मार्ग मोकळा आहे आणि कोणता बंद पडला आहे याच्या बातम्या घेतो, व त्यांवरून तक्ता तयार करतो. दुसरा भाग पाठवणी करणारा. तयार तक्ता त्याच्या स्वाधीन केलेला असतो. पॅकेट आलें कीं तक्ता पाहावयाचा आणि पुढें धाडावयाचें, एवढेंच तो जाणतो. पहिला भाग सामान्य संगणकासारखा असतो. दुसरा, मोठ्या राउटरांत, याच एका कामासाठीं घडविलेल्या चिपांचा असतो. कानपूरच्या आय.आय.टी.चे पदवीधर प्रदीप सिंधु यांनीं १९९६ सालीं अमेरिकेंत ज्युनिपर ही कंपनी स्थापन केली. तिचा १९९८ सालचा पहिला राउटर, एम-४०, या दोन भागांच्या काटेकोर फारकतीबद्दलच प्रसिद्ध झाला. वांटणीचें मर्महि या फारकतींतच आहे. विचार करणारा भाग वांटणें सोपें. पाठवणी करणारा भाग वांटणें कठीण.

आतां ही वांटणी हवी कशाला? पूर्वीं प्रत्येक कामास स्वतंत्र यंत्र लागे. दूरच्या शहरांना जोडणाऱ्या मुख्य वाहिन्यांसाठीं एक, गिऱ्हाइकांच्या तारा घेण्यासाठीं दुसरें, एखाद्या बड्या गिऱ्हाइकासाठीं तिसरें. प्रत्येकाला वीज निराळी, थंड हवा निराळी, जागा निराळी, सुट्या भागांचा सांठा निराळा. इतकें करून एका यंत्राची बरीचशी शक्ति पडून राही आणि शेजारचें यंत्र भरून जाई.

दुसरी अडचण पैशाची नव्हे, पत्त्याची होती. खाजगी जाळ्यांच्या उपयोगासाठीं कांहीं पत्ते राखून ठेवण्याचा नियम १९९६ सालच्या फेब्रुवारींत ठरला. १० या आंकड्यानें सुरू होणारे सर्व पत्ते आणि १९२.१६८ यांनीं सुरू होणारे पत्ते हे त्यांत येतात. ते कोणीहि, कोणाची परवानगी न घेतां, आपल्या घरांत किंवा कचेरींत वापरावेत. परिणाम असा कीं एका बँकेचा हिशेबाचा संगणक आणि एका इस्पितळाचा क्ष-किरण चित्रांचा संगणक यांचा पत्ता अगदीं एकच असूं शकतो. दोन्ही संस्था एकाच दळणवळण कंपनीच्या गिऱ्हाईक झाल्या, म्हणजे एका तक्त्यांत दोघींचा निर्वाह होणें शक्य नाहीं. गल्लींत एकाच नांवाचीं दोन घरें असलीं तर टपालवाल्यानें पत्र कोणत्या दारांत टाकावें?

पुण्यासारख्या शहरांतील जुना वाडा ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना या अडचणीवरचा उपाय चटकन् समजेल. दिंडीदरवाजा एक, चौक एक, विहीर एक; पण आंत आठ बिऱ्हाडें. प्रत्येकाची चूल निराळी, हिशेब निराळा, कुलूप निराळें. राउटरची वांटणी याच धर्तीवर, पायरीपायरीनें होत गेली.

पहिली पायरी तारेच्या वांटणीची. १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या ८०२.१क्यू या मानकानें तारेंतून जाणाऱ्या प्रत्येक पुडक्यावर बारा द्विमान अंकांची एक खूण चिकटवितां येऊं लागली. तिच्या बळावर एकाच तारेंतून ४,०९४ निरनिराळे प्रवाह एकमेकांत न मिसळतां जाऊं शकतात. ही वांटणी दिवाणखान्यांत पडदा लावण्यासारखी आहे. पडद्याच्या दोन बाजूंस दोन मंडळी बसलीं, पण घर एकाचेंच.

दुसरी पायरी तक्त्याच्या वांटणीची. बँकेच्या तारेनें आलेलें पॅकेट बँकेच्या तक्त्यांत पाहावें आणि इस्पितळाच्या तारेनें आलेलें इस्पितळाच्या तक्त्यांत, म्हणजे एकाच आंकड्याचे दोन पत्ते सुखानें नांदतात. असे अनेक तक्ते ठेवून दूरदूरच्या राउटरांमध्यें त्यांचा मेळ कसा घालावा, याची रीति एरिक रोझेन आणि याकोव रेख्तर यांनीं १९९९ सालच्या मार्चमध्यें लिहून प्रसिद्ध केली. २००६ सालीं तिची सुधारलेली आवृत्ति निघाली. दळणवळण कंपन्या गिऱ्हाइकांचीं खाजगी जाळीं याच रीतीनें चालवीत आल्या आहेत. येथें चुली वेगळ्या झाल्या. पण स्वयंपाकी एकच राहिला. सर्व तक्ते राखणारी कार्यप्रणाली तीच, आणि यंत्रावर हुकूम चालविणारा मनुष्यहि तोच. त्याच्या हातून एका गिऱ्हाइकासाठीं लिहिलेली ओळ चुकली, तर तिचा उपद्रव दुसऱ्यास होण्याचा संभव राहतोच.

तिसरी पायरी खऱ्या बिऱ्हाडाची. चालू शतकाच्या पहिल्या दशकांत ज्युनिपरनें आपल्या मोठ्या राउटरांत ही सोय केली. तिला आधीं लॉजिकल राउटर व पुढें लॉजिकल सिस्टिम असें नांव मिळालें. मूळ यंत्र कायम ठेवून त्यांत पंधरापर्यंत अशीं बिऱ्हाडें वसवितां येतात. मार्गांचा विचार करणारी कार्यप्रणाली प्रत्येकाची स्वतःची असते. एकीचें डोकें फिरलें तरी बाकीच्या आपलें काम करीत राहतात. २००८ सालच्या जानेवारींत सिस्को कंपनीनें नेक्सस ७००० हें यंत्र बाजारांत आणलें. स्विच आणि राउटर या दोहोंचीं कामें तें करी. त्यांत प्रथम चारपर्यंत विभाग पाडतां येत, आणि प्रत्येक विभागाला स्वतःचें नांव, स्वतःच्या आज्ञांची वही, स्वतःचा कारभारी व त्याचा परवलीचा शब्द असे. एका विभागाचा कारभारी दुसऱ्याच्या वहींत डोकावूं शकत नसे. आपला विभाग बंद करून पुन्हां सुरू केला तरी शेजाऱ्याला त्याचा पत्ता लागत नसे.

ही कल्पना कांहीं आकाशांतून पडली नव्हती. आय.बी.एम. कंपनीनें १९७२ सालीं जाहीर केलेल्या व्हीएम-३७० या प्रणालींत एका अवाढव्य संगणकावर बसणाऱ्या प्रत्येकास सबंध संगणक आपलाच आहे असें वाटावें, अशी योजना होती. राउटरच्या कारागिरांनीं तोच न्याय वाटाड्याला लावला.

या व्यवस्थेंतील एक गोष्ट मोठी मनोरंजक आहे. नेक्ससच्या दोन विभागांस एकमेकांशीं बोलावयाचें झालें, तर यंत्राच्या आंतून वाट नसे. एका विभागाच्या द्वारांतून तार बाहेर काढावयाची आणि त्याच यंत्राच्या दुसऱ्या द्वारांत, म्हणजे दुसऱ्या विभागांत, खोंचावयाची. पॅकेट घरांतून बाहेर पडून त्याच घरांत पाहुण्यासारखें परत येई. वरवर पाहतां हा वेडेपणा वाटेल. परंतु भिंत खरी असावी असें ज्यांना वाटतें, त्यांनीं तिला चोरदरवाजा ठेवूं नये, एवढाच त्यांतला अर्थ. ज्युनिपरच्या यंत्रांत आंतल्या आंत जोडणी करण्याची सोय आहे. पण ती सुद्धां कारभाऱ्यानें जाणूनबुजून, दोन्ही टोकांस नांवें देऊन करावी लागते. आपोआप कांहींच मिसळत नाहीं.

फायदे उघड आहेत. तीन कपाटांचें काम एका कपाटांत होतें; वीज वाचते, जागा वाचते. दोन कंपन्या एकत्र झाल्या आणि दोघींच्याहि कचेऱ्यांत १० नें सुरू होणारे पत्ते निघाले, तर सगळे पत्ते बदलून होईपर्यंत दोघींना एका यंत्रांत वेगळें ठेवतां येतें. नवीन आज्ञा अमलांत आणण्यापूर्वीं ती एका रिकाम्या विभागांत करून पाहतां येते. आणि विद्यार्थ्यांना तर हें वरदानच. चार राउटरांचें जाळें उभारण्यास चार राउटर विकत घेण्याचें कारण उरलें नाहीं. लिनक्स प्रणालींतील 'नेटवर्क नेमस्पेस' या सोयीनें साध्या घरगुती संगणकांतहि अनेक स्वतंत्र तक्ते, अनेक द्वारें आणि त्यांना जोडणाऱ्या काल्पनिक तारा निर्माण करतां येतात. पूर्वीं जें शिक्षण बड्या कंपनीच्या नोकरांनाच मिळे, तें कॉलेजांतील मुलाला आपल्या टेबलाशीं बसून घेतां येऊं लागलें.

येथपर्यंत वांटणीची गोष्ट झाली. आतां जें वांटलें जात नाहीं त्याकडे वळावें.

विजेचा पुरवठा वांटला जात नाहीं. सर्व बिऱ्हाडांचा दिवा एकाच वेळीं जातो. यंत्राचा सांगाडा, त्यांतले पंखे, कार्यप्रणालीचा गाभा हीं सर्वांची मिळून असतात. मार्गांचा विचार करणारी एक कार्यप्रणाली कोसळली तर बाकीच्या वांचतात हें खरें. पण ज्या गाभ्यावर त्या सर्व उभ्या आहेत तो कोसळला, तर एकहि वांचत नाहीं. आणि वाड्याला जसा मालक, तसा या यंत्राला एक मुख्य कारभारी असतोच. बिऱ्हाडें वसविणें, मोडणें, कोणाला किती खोल्या द्यावयाच्या हें ठरविणें, आणि प्रसंगीं सबंध यंत्र बंद करणें हे अधिकार त्याचे. त्याची किल्ली ज्याच्या हातीं गेली, त्याच्यापुढें आंतलीं सगळीं कुलपें व्यर्थ होत.

याहून सूक्ष्म प्रश्न पाठवणी करणाऱ्या भागाचा आहे. तेथील चिपांत मार्गांचा तक्ता ठेवण्यासाठीं अतिशय चपळ, पण महागडी व मोजकी स्मरणशक्ति असते. वाड्यांतल्या विहिरीसारखी ती सामाईक. एका बिऱ्हाडानें सर्व पाणी उपसलें तर बाकीच्यांनीं काय करावें? म्हणून प्रत्येकाच्या वांट्याला मर्यादा घालावी लागते. परंतु मर्यादा घातली कीं संकट टळलें, असेंहि नाहीं. १२ ऑगस्ट २०१४ या दिवशीं याचें चांगलें प्रत्यंतर आलें. त्या दिवशीं जगांतील इंटरनेटच्या मार्गांची संख्या सुमारें पांच लक्ष बारा हजारांचा टप्पा ओलांडून गेली. जुन्या बनावटीच्या पुष्कळ राउटरांत ही स्मरणशक्ति आधींच दोन वांट्यांत विभागून ठेवलेली होती. मोठा वांटा प्रचलित पद्धतीच्या पत्त्यांसाठीं, दुसरा नव्या लांब पत्त्यांसाठीं. पहिला वांटा तेवढ्याच मार्गांपुरता होता. तो भरून गेला, आणि कित्येक ठिकाणीं इंटरनेट मंदावलें किंवा बंद पडलें. दुसरा वांटा मात्र बहुतांशीं रिकामाच पडून होता. मर्यादा नसेल तर एक जण सर्वांना बुडवितो. मर्यादा ताठर असेल तर शेजारीं धान्य सडत असतां एक जण उपाशी मरतो. म्हणून वांटणी एकदां करून विसरण्याची गोष्ट नव्हे. ती वरचेवर पाहावी लागते.

नेक्ससच्या कारभाऱ्यांनीं यावर एक शहाणपणाचा मार्ग काढला. द्वारें ज्यांवर बसविलेलीं असतात तीं सबंध कार्डेंच एकेका विभागास द्यावयाचीं. मग त्या कार्डावरील चिपांत त्याच विभागाचा तक्ता भरला जातो आणि शेजाऱ्याच्या तक्त्याचें ओझें तिच्यावर पडत नाहीं. म्हणजे विचारानें केलेल्या वांटणीला येथें धातूच्या वांटणीचा आधार मिळाला. मनांतल्या भिंतीखालीं दगडविटांची भिंत आली.

सामाईक गोष्टीचा विसर पडला म्हणजे काय होतें, हें कॅनडा देशानें अनुभवलें आहे. तेथील रॉजर्स ही दळणवळणाची बडी कंपनी. तिचे मोबाइलचे आणि घरगुती तारांचे असे दोन निराळे व्यवहार. पण दोहोंच्या पॅकेटांची वाहतूक एकाच मध्यवर्ती जाळ्यांतून होत असे. ८ जुलै २०२२ रोजीं पहाटे या जाळ्याच्या सुधारणेच्या सात टप्प्यांपैकीं सहावा टप्पा चालू असतां, मार्गांचा लोंढा आवरून धरणारी एक गाळणी आज्ञांच्या वहींतून काढून टाकण्यांत आली. त्याबरोबर असंख्य मार्गांच्या नोंदी मुख्य राउटरांवर येऊन आदळल्या आणि ते निकामी झाले. मोबाइल बंद, घरचें इंटरनेट बंद. एक कोटि वीस लाखांहून अधिक लोकांना त्याची झळ पोंचली. दुकानांत कार्डानें पैसे देण्याची इंटरॅक नांवाची व्यवस्था देशभर थांबली. आणीबाणीच्या प्रसंगीं ज्या ९११ क्रमांकावर पोलीस किंवा रुग्णवाहिका बोलवावयाची, तो क्रमांकहि हजारों लोकांना लागेना.

यावर कळस असा कीं दुरुस्ती करणाऱ्या नोकरांना एकमेकांशीं बोलणेंहि दुरापास्त झालें. त्यांचे फोन याच कंपनीचे होते. राउटरांची देखभाल करण्यासाठीं जें वेगळें जाळें होतें, तेंहि याच मध्यवर्ती जाळ्यावर अवलंबून होतें. विहिरींत पडलेल्याला वर काढावयाचें, आणि दोरहि त्याच विहिरींत, असा प्रकार झाला. पुढें मोबाइलचें मध्यवर्ती जाळें आणि तारांचें मध्यवर्ती जाळें हीं प्रत्यक्ष वेगळीं करण्याचें कंपनीनें जाहीर केलें, आणि इंटरॅकनेंहि आणखी एका कंपनीची सेवा जोडीला घेण्याचें ठरविलें.

तेथें एका राउटरचे भाग पाडण्याचा प्रश्न नव्हता, प्रश्न सबंध जाळ्याचा होता. पण शिकवण दोहोंस सारखीच लागू पडते. दोन व्यवहार कागदावर कितीहि वेगळे दिसले तरी त्यांच्याखालचें जमिनीचें आंग एक असेल, तर भूकंप दोघांनाहि एकाच वेळीं होतो. यावरून एक नियम निघतो. एका राउटरचे दोन विभाग हे चांगले शेजारी होऊं शकतात; पण एकमेकांचे पाठीराखे होऊं शकत नाहींत. ज्या इस्पितळानें आपली मुख्य वाट एका विभागांतून आणि संकटकाळची वाट त्याच यंत्राच्या दुसऱ्या विभागांतून नेली, त्यानें दोन वाटांचे पैसे भरून एकच वाट घेतली. आराखड्यांत दोन रेषा दिसतात; वीज गेली कीं दोन्ही एकदम पुसल्या जातात.

म्हणून वांटणी टाकाऊ ठरते असें मात्र नाहीं. दोन गिऱ्हाइकांचे व्यवहार मिसळूं नयेत, एकाच्या कारभाऱ्याची चूक दुसऱ्यास भोंवूं नये, थोड्या खर्चांत पुष्कळांचें काम व्हावें, या हेतूंसाठीं ती उत्तम आहे, आणि दररोज अगणित ठिकाणीं निमूटपणें आपलें काम करीत आहे. यंत्र मोडलें तरी काम चालावें हा हेतु असेल, तर त्याला दुसरें यंत्रच लागतें, आणि तेंहि शक्य तर दुसऱ्या इमारतींत, दुसऱ्या विजेवर. इस्पितळाच्या, बँकेच्या किंवा नगरपालिकेच्या व्यवस्थापक मंडळांत बसणाऱ्या गृहस्थांना राउटरची विद्या अवगत असण्याचें कारण नाहीं. त्यांनीं दळणवळण कंपनीला तीन साधे प्रश्न विचारावेत, म्हणजे पुरे. आमच्या आणि इतरांच्या वाटेंत सामाईक काय आहे? आमची दुसरी वाट त्याच यंत्रांतून जाते काय? आणि सर्वच बंद पडलें, तर दुरुस्त करणारा मनुष्य आंत कोणत्या वाटेनें शिरणार?

हिंदु एकत्र कुटुंबाच्या कायद्यांत विभक्त होणें आणि मिळकतीची प्रत्यक्ष वांटणी होणें या दोन निराळ्या गोष्टी मानल्या आहेत. भाऊ विभक्त झाले असें एका स्पष्ट शब्दानें ठरतें. शेताचे बांध आणि घराच्या भिंती मागाहून पडतात, कित्येकदां पडतहि नाहींत. राउटरचे विभाग हे असे विभक्त भाऊ आहेत. त्यांच्या चुली वेगळ्या झालेल्या असतात. छप्पर एकच असतें. त्या छपराखालीं राहणाऱ्यानें शेजाऱ्याची चिंता सोडावी. छपराची सोडूं नये.